देण्याच्या रकान्यात नऊ टर्की

यनीरा हसली. नुसती हसली असती तर झेनाईदानं सोडून दिलं असतं. पण ती खुर्ची मागं ढकलून, पोट धरून, डोळ्यांतलं पाणी बोटाच्या कडेनं टिपत हसली आणि वर पलीकडच्या टेबलावर गाड्यांचे विमे करणाऱ्या माणसाला हाक मारून म्हणाली, "अहो, ऐका हे! देणी. नऊ टर्की, जिवंत. मक्याची चार पोती. बिअरची सहा खोकी. आणि एका रात्रीचा बँड!" तो माणूस फोन कानाला लावून होता. काय ऐकलं ते त्याला धड कळलंही नसेल, पण तोही हसला. झेनाईदा समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. हसण्यासारखं काय होतं यात? जामिनाच्या फॉर्मवर स्पॅनिशमध्ये स्वच्छ छापलं होतं, तुमच्यावर असलेली सर्व देणी लिहा. सर्व. तिनं लिहिली. स्वयंपाकाच्या टेबलाशी बसून, एकेक घर आठवून, कुणाच्या लग्नात किंवा कुणाच्या मयताला काय परत न्यायचंय ते सगळं लिहिलं. एकही टर्की लपवली नाही. आता या बाईला त्यात गंमत दिसत होती आणि झेनाईदाची कानशिलं तापली होती.

"अहो बाई माझे," यनीरा जरा सावरून म्हणाली, "देणं म्हणजे बँकेचं. गाडीचं. क्रेडिट कार्डाचं." झेनाईदा म्हणाली, "गाडी रोखीत घेतलीय. कार्ड नाही माझ्याकडे." "तेच तर रडगाणं आहे ना! तुमची पत वाईट नाही हो, तुमची पतच नाही. कंपनीच्या मशीनला वाटतंय तुम्ही काल संध्याकाळी जन्माला आलात." मग यनीरानं तिला पुन्हा समजावलं, बाळाला घास भरवावा तसं. फरशीच्या ठेकेदाराचा परवाना हवा तर राज्याला जामीन हवा. जामीन कंपनी राज्याला सांगणार, ही बाई नीट काम करील, गिऱ्हाइकाला बुडवलं तर भरपाई आम्ही देऊ. आणि दिलीच भरपाई, तर ती कंपनी मग झेनाईदाकडून वसूल करणार. "म्हणजे शेवटी जामीन माझी मीच," झेनाईदा म्हणाली. "अगदी बरोबर. वर्षाची फी मात्र त्यांची!" यनीराला हेही हसण्यासारखं वाटलं. साल्वादोरची बाई, मनानं वाईट नव्हती. टेबलावर गोड बिस्किटांचा डबा ठेवायची, गावाकडच्या बायकांचे कागद फुकट वाचून द्यायची. पण हसली ती हसलीच.

"हे खोडा आणि बाजूला सही करा, म्हणजे झालं," ती म्हणाली. "खोडायचं नसेल तर पलीकडच्या रकान्यात तुमचं येणं लिहा. तुमच्याकडूनही नेल्या असतीलच की कुणी टर्की! किती, कुणी, तेवढं सांगा. दोन्ही बाजू जुळल्या की कंपनीला पटवायचं माझ्याकडे लागलं." "ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "कोण सांगत नाही?" "आम्ही." यनीरानं तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. "बरं, मग सोबत सही करणारा आणा. स्वतःचं घर असलेला, चांगली पत असलेला. तुमचे भाऊ आहेत ना, लिनवूडला? आणि तेही नको असेल तर दुसरी एक कंपनी आहे. ती फारसं काही विचारत नाही, फक्त फी तिप्पट घेते. शुक्रवारपर्यंत बॉण्ड, म्हणजे हा जामिनाचा कागद, परवाना मंडळात पोचला नाही तर तुमचा अर्ज रद्द. परीक्षा पुन्हा. मी तुमच्या भल्याचं सांगतेय हो."

बाहेर लॉस एंजेलिसच्या पिको रस्त्यावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. फुटपाथवर कुणी आंब्याच्या फोडींवर तिखट टाकत होतं, कुणी बुटांचे जोड चादरीवर मांडत होतं. झेनाईदा बसची वाट न बघता चालत सुटली. खोडा म्हणे. म्हणायला काय जातंय. कास्तुलामावशीची टर्की खोडायची? कास्तुलामावशीनं ती टर्की काखेत मारून तीन डोंगर चढून आणली होती. झेनाईदाचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. घरात घेवड्याचं एक भांडं होतं आणि त्यावर जेवणारं सगळं गाव. आई चुलीपुढे बसली होती, हात मोकळे सोडून, आणि झेनाईदाला आतून भीती वाटत होती की उद्या लोकांना काय वाढायचं. अंधार पडायच्या सुमाराला वाटेवर माणसं दिसायला लागली. कुणाच्या डोक्यावर मका, कुणाच्या पाठीला साखरेच्या ढेपा, कुणाच्या हातात पाय बांधलेला पक्षी. आई उठली. दारात उभी राहून प्रत्येकाचं घेताना मोठ्यानं म्हणत गेली, कास्तुलाकडून एक टर्की, मोठी. सिल्वेरिओकडून मका, अर्धं पोतं. म्हणायची आणि मान वाकवायची. रडणं नाही, आभार नाहीत, नुसतं नाव आणि वस्तू. याला त्यांच्या डोंगरातल्या गावात गोसोना म्हणत. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या. पण ते उद्या कधी, हे कुणी ठरवायचं नाही, आणि ज्यानं दिलं त्यानं तर तोंडही उघडायचं नाही. आईला कुणी विचारलं, तुम्ही त्यांच्या लग्नात काय दिलं होतं, तर ती खांदे उडवून म्हणायची, आठवत नाही बाई. खोटं! तिला गेल्या जन्मीचंही आठवत असेल. पण दिलेलं आठवलं असं दाखवणं म्हणजे दिलेल्या अन्नात थुंकणं. मयताच्या घरात आवाज कसा खाली घ्यायचा हे जसं कुणी शिकवत नाही, तसं हेही झेनाईदाला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं. लॉस एंजेलिसला आल्यावरही गेलं नाही. इथंही मागच्या अंगणात ताडपत्री बांधून लग्नं होत, गावचा बँड गावच्याच सुरात वाजे, आणि माणसं बिअरची खोकी खांद्यावर घेऊन दारात उभी राहत. या सगळ्याला ती बाई देणं म्हणायला तयार नव्हती. बँकेचं देणं माणूस मेला की बँक खोडून टाकते. आईचं देणं झेनाईदाकडे आलं होतं आणि ती ते उचलून उभी होती. मग खरं देणं कुठलं?

आणि परवाना तर तिला हवाच होता. हवा म्हणजे काय, त्याच्यासाठी ती हट्टाला पेटली होती. वर्षानुवर्षं तिनं दिकरानच्या हाताखाली फरश्या घातल्या. दिकरान अर्मेनियन, तोही वाईट माणूस नव्हता, दर शनिवारी पगार द्यायचा. पण न्हाणीघर बघायला येणारा सरकारी माणूस उतार बघून, पाणी ओतून, दिकरानच्या पाठीवर थाप मारायचा आणि झेनाईदा कोपऱ्यात स्पंज पिळत उभी असायची. परवा तिनं परीक्षा पास झाल्याचं सांगितलं तर दिकरान म्हणाला, "कशाला डोक्याला ताप करून घेतेस? माझा परवाना आहे ना." ती म्हणाली, "तुझा परवाना, आणि माझे गुडघे." तो हसला. पण खरं कारण दिकरान नव्हता. खरं कारण आठव्या रस्त्यावरची ती खानावळ. मालकानं परस्पर तिला बोलावलं, तिनं आपल्या माणसांना घेऊन अख्खी फरशी घातली, समुद्राच्या निळ्या रंगाची, दारापासून मुदपाकखान्यापर्यंत एकाही सांध्यात खोट नाही. आणि पैसे मागायला गेली तर मालक म्हणाला, "तू कोण? परवाना दाखव." ती ज्यांच्याकडे गेली त्या वकीलबाईंनी चष्मा काढून सांगितलं, परवाना नसेल तर पैशासाठी कोर्टातही जाता येत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ती फरशी कुणी घातलीच नव्हती. ती आपोआप उगवली होती, गवतासारखी. झेनाईदा एकदा मुद्दाम तिथं सूप प्यायला गेली. पैसे मोजून सूप घेतलं. खांबाजवळचा तो तुकडा बघत बसली जो तिनं हातानं, पक्कडीनं कुरतडून गोल बसवला होता. त्याच्यावर एका गिऱ्हाइकाचा बूट होता. सूप तसंच ठेवून ती उठली. बाहेर येऊन तिनं ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, कागदावर माझं नाव येणार. मोठ्या अक्षरात. गाडीच्या दारावर नंबर रंगवणार. परत कुणी विचारावं मला, तू कोण.

रविवारी ती लिनवूडला गेली. धाकटा भाऊ रुतिलिओ अंगणात मांस भाजत होता. त्याची बायको ब्रेंडा इथंच जन्मलेली, गोड बोलायची, आणि झेनाईदा आली की हळूच घरात निघून जायची. रुतिलिओनं घर घेतलं होतं, हप्ता एकही चुकवला नव्हता, बँकेची पत्रं त्याला नाव घेऊन शुभेच्छा द्यायची. झेनाईदानं त्याला सगळं सांगितलं. मागितलं मात्र नाही. फक्त सांगितलं. बॉण्ड, शुक्रवार, सोबतची सही. टर्कीचं सांगितलं तेव्हा तोही हसला, आणि ते तिला यनीरापेक्षा जास्त लागलं. "ताई, तू खरंच लिहिलंस? फॉर्मवर?" तो चिमट्यानं मांस उलटत म्हणाला, "अगं, तिकडचा कोणी साहेब डोकं धरून बसला असेल, टर्कीवर व्याज किती लावायचं म्हणून." मग गंभीर झाला. "घर आहे माझं. त्या कागदावर सही केली की घर टांगणीला लागलं. उद्या तुझं एखादं न्हाणीघर गळलं..." "माझं न्हाणीघर गळत नाही." "मला माहितीय. कागदाला माहीत नाही ना!" तो खोटं बोलत नव्हता. धुरामुळे डोळे चुरचुरत होते आणि ती लिंबू कापत होती. तिला वाटलं उठावं, निघावं. पण तो चिमटा खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा.

"एक कर," तो म्हणाला. "म्हण, रुतिलिओ, तुझ्या लग्नाचं माझं येणं आहे, ते आता दे. एवढं एकदा म्हण. मी उद्या येतो सही करायला." झेनाईदानं लिंबू कापणं थांबवलं नाही. त्याच्या लग्नात बँड तिनं आणला होता. टर्की तिच्या, मेस्काल दारूची पिंपं तिची, त्याच्या सासरच्या माणसांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून हिवाळाभर दोन-दोन ठिकाणी गुडघे टेकून मिळवलेलं. पुढं एकदा त्यानं तिला चेक पाठवला होता, कोपऱ्यात 'लग्नाचं' असं लिहून. चेक! तिनं तो ब्रेंडाच्या हातात परत दिला आणि पुढचे कित्येक महिने तिला अन्न गोड लागलं नव्हतं. "म्हण ना," रुतिलिओ म्हणाला. "मला आठवत नाही," ती म्हणाली. तो ताडकन उठला. "हेच! आईसारखं हेच! तू मागत नाहीस आणि मला फेडूही देत नाहीस. तुला वाटतं तू मोठी झालीस. मी सकाळी उठतो तेव्हा तू माझ्या छातीवर बसलेली असतेस, ताई, तुझ्या त्या न मागण्यासकट. इथं लोक हिशेब मिटवतात आणि हसत एकमेकांना भेटतात. मला तसं भेटायचंय तुला." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. धुराचं असेल, नसेल. ब्रेंडा खिडकीतून बघत होती.

बसमध्ये तिला त्याचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. छातीवर बसलेली. खरंच बसलेय का मी? ती न मागता गप्प राहायची त्यात थोडी चव तर लागत नव्हती तिला? लागत असेल. आई दारात मान वाकवायची तेव्हाही तिच्या मानेत एक ताठपणा असायचाच, तो काय झेनाईदाला दिसला नव्हता? चांगुलपणाही माणसाला चढतो. ती स्वतःशी हे कबूल करायला तयार होती, अगदी बसच्या काचेत स्वतःचं तोंड बघत कबूल करायला. पण मग तिला पुढचं दिसलं. तिनं म्हटलं असतं, दे माझं येणं, तर त्यानं सही केली असती, आणि लग्नाचं देणं फिटलं असतं. फिटलं म्हणजे संपलं. मग त्याच्या पोरीच्या लग्नात ती काय म्हणून खोकं घेऊन दारात उभी राहणार? पाहुणी म्हणून? देणं फिटू द्यायचं नाही, ते एकमेकांच्या घरात थोडंथोडं शिल्लक ठेवायचं, तीच तर जायची-यायची वाट. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच त्याला ती वाट बुजवायची होती. त्याच्या घराला आता फाटक होतं, बटण दाबून उघडायचं. तिला राग आला. असा राग की शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

शुक्रवारी ती यनीराच्या कचेरीत पोचली तर रुतिलिओ आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात घराचे कागद. क्षणभर, अगदी क्षणभर, झेनाईदाचं काळीज हललं. आला. न मागता आला. बिचारा, बायकोशी भांडून आला असेल. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. यनीरा खुशीत होती. "बघा, शेवटी भाऊ तो भाऊ! चांगली कंपनी, कमी फी, अर्ध्या तासात कागद मंडळात. आणि भाऊंनी एक छान तोडगा काढलाय. तुमच्या येण्याच्या रकान्यात आपण त्यांचं लग्न लिहू, किंमत घालून, आणि त्यांच्या सहीच्या बदल्यात ते वळतं करून घेऊ. तसं एक पत्र मी टाइप केलंय. दोघांनी सही केली की हिशेब चुकता." झेनाईदानं हात काढून घेतला. रुतिलिओ तिच्याकडे बघत नव्हता. तो डोंगरातल्या त्यांच्या बोलीत, हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुला बोलायला नको म्हणून मी लिहूनच आणलं. तू फक्त सही कर. मग आपण मोकळे." त्याला वाटत होतं त्यानं तिची अडचण सोडवली. कसला समजूतदार चेहरा केला होता मेल्यानं!

"ती दुसरी कंपनी," झेनाईदा यनीराला म्हणाली. "तिप्पटवाली. तिचा कागद काढा." यनीराचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, वेड लागलंय का? दर वर्षी तिप्पट! ते पैसे तर तुम्ही फरशी कापायच्या मशीनसाठी ठेवलेले ना?" "हातानं कापीन. काढा कागद." यनीरानं एकदा रुतिलिओकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि कीबोर्ड बडवायला लागली. प्रिंटर घरघरला. "ही कंपनी देणी विचारत नाही," ती फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमच्या टर्कींचं काही करायला नको." "ते पान जोडा." "त्यांनी मागितलेलं नाही!" "मी जोडायला सांगतेय. माझं आहे ते." यनीरानं स्टेपलर आपटला. "आता हा एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो. तुम्ही बुडालात तर लोकांकडचं तुमचं येणं ही कंपनी घेणार. तेव्हा सांगा, तुमचं कुणाकडे काही येणं आहे?"

"नाही." "कुणाकडेच?" "कुणाकडेच नाही." यनीरानं पेन रुतिलिओकडे रोखलं. "यांच्याकडेही नाही? हे तर स्वतः म्हणतायत की आहे."

झेनाईदा वळली. भावाच्या डोळ्यांत बघून तिनं आधी स्पॅनिशमध्ये सांगितलं, यनीराला लिहिता यावं म्हणून, आणि मग तेच त्यांच्या बोलीत, सावकाश. "रुतिलिओकडे माझं काही येणं नाही." त्या बोलीत हे वाक्य जिवंत माणसाच्या तोंडावर कुणी म्हणत नाही. गावातून जो कायमचा उठला, ज्याच्या मयताला कुणी टर्की घेऊन जाणार नाही, त्याच्याबद्दल म्हातारी माणसं ते बोलतात आणि विषय बदलतात. रुतिलिओचा चेहरा पांढरा पडला. घराचे कागद त्याच्या मांडीवरून घसरले ते त्यानं उचलले नाहीत. "ताई," तो म्हणाला, "मागे घे. ताई, हे मागे घे."

"आता काय झालं?" यनीरा वैतागली. "अहो, तुम्ही काही देणं लागत नाही म्हणतायत त्या. खूश व्हा की!"

झेनाईदाला वाटत होतं, हे बोलल्यावर आपण कोसळू, रडू. तसं काही झालं नाही. छातीत मोठी पोकळी झाल्यासारखं वाटलं, आणि त्या पोकळीत ती उभी होती, दोन पायांवर. दुखत होतं, खूप दुखत होतं. हा तोच होता ज्याला पाठीशी बांधून तिनं मका खुडला होता. पण त्याला मोकळं व्हायचं होतं. मग घे, हो मोकळा. कागदानं होत नाहीत माणसं मोकळी, अशी होतात. यनीरानं पुढ्यात सरकवलेला बॉण्ड तिनं ओढून घेतला आणि जिथं जिथं खूण केली होती तिथं तिथं सही केली, घाई न करता, पूर्ण नाव, आईचं आडनावसुद्धा.

"मग आता मी तुझा कोण?" रुतिलिओनं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

झेनाईदानं पेनाला टोपण लावलं, पेन यनीराला परत दिलं आणि पर्स उचलली.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "तुझ्या न्हाणीघरातल्या फरश्या उखडल्यात. ब्रेंडाला सांग, फोन करायला. पैसे आगाऊ घेईन."